परातीतले एकोणीस फोन

"सर, फोनला डोळे येतात का?"

हा प्रश्न माझा नव्हता. म्हणजे तोंड माझं होतं, आवाजही माझाच होता आणि तो शाळेच्या हॉलच्या शेवटच्या रांगेतून निघून थेट स्टेजवर आपटला, पण प्रश्न माझ्या मैत्रिणींचा, जोॲना आणि दर्शनाचा होता. नववीपर्यंत हजेरीलाही जिचा आवाज बाईंपर्यंत पोचायचा नाही, ती तू, सगळ्यांसमोर हे विचारून दाखव, असं दोघींनी मला चॅलेंज दिलं होतं. मी विचारलं तर आठवडाभर त्या माझी बॅग तिसऱ्या मजल्यापर्यंत नेणार, नाहीतर मी त्यांची. जोॲनाच्या बॅगेत हॉकीचे बूट असतात. मी उभी राहिले.

स्टेजवर हितेंद्र सर होते. ते आमच्या शाळेचे सर नाहीत. लोअर परळला जुनी गिरणी पाडून काचेचा टॉवर उभा केलाय, त्यातल्या एका कंपनीतून ते आले होते. त्या ऑगस्टात अर्ध्या मुंबईचे डोळे आले होते. वर्गात रोज चार-पाच बाकं रिकामी आणि भरलेल्या बाकांवर दोन-तीन गॉगल. तर ही साथ पकडायला कंपनीने ॲप काढलं होतं, 'दोन हात दूर'. परळपासून गिरगावापर्यंत ते आधी फुकट वापरून बघायचं होतं, आणि वापरून बघायला आम्ही सापडलो होतो.

ॲपचं काम सोपं होतं. दोन फोन पंधरा मिनिटांहून जास्त वेळ एकमेकांजवळ राहिले की ब्लूटूथवरून दोघं एकमेकांची नोंद करतात. मग त्यांतल्या एकाचे डोळे आले आणि डॉक्टरांनी त्याचा नंबर टाकला, की तो चौदा दिवस लाल, आणि मागच्या दोन दिवसांत जे त्याच्याजवळ बसले ते पाच दिवस लाल. बाकी सगळे हिरवे. लाल झालात की घरी बसायचं.

माझ्या प्रश्नावर हॉल हसला. मोठ्या बाईंनी चष्म्याच्या वरून बघितलं. हितेंद्र सर मात्र खूश झाले, त्यांना बहुतेक कोणी प्रश्न विचारत नसावं.

"फोनला डोळे येत नाहीत," ते म्हणाले, "पण ॲपसाठी तुमचा फोन म्हणजेच तुम्ही."

हे वाक्य मागच्या पडद्यावरही होतं, हिरव्या अक्षरांत, खाली अंगठा वर केलेला एक हसरा फोन. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीपण वाजवल्या. माझी बॅग दर्शनाने तीन दिवस नेली. जोॲनाची पाठ पहिल्याच दिवशी दुखायला लागली.

आता माझा आवाज एकाएकी कुठून आला ते सांगायला पाहिजे, कारण पुढचं सगळं तिथूनच सुरू होतं.

आम्ही परळला चाळीत राहतो. तळमजल्यावर व्यायामशाळेच्या बाजूला भजनी मंडळाची खोली आहे. मंडळाचे बुवा म्हणजे कुशाबा, वय सत्तर, एकेकाळी गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते, आता पेटीवर असतात. आमची मंडळी सगळी कोकणातली, त्यामुळे साधं भजन कोणाला पुरत नाही, डबलबारी लागते. दोन मंडळं समोरासमोर बसतात, एका बुवांनी गायलं की दुसऱ्यांनी गाऊनच उत्तर द्यायचं, टोमणेसुद्धा सुरात मारायचे. शेवटी गजर चढतो तेव्हा खरी जुंपते ती दोन्ही बाजूंच्या पखवाजवाल्यांची.

आमचे जुने पखवाजवाले काका गेल्या वर्षी बदलापूरला राहायला गेले. त्यांची जागा अवधूतदादाला मिळणार हे अख्ख्या चाळीने धरलं होतं. अवधूतदादानेही धरलं होतं. तो दहा वर्षं कोरसमध्ये आहे आणि पखवाजही बरा वाजवतो. पण मी जिन्यात बसून पाण्याच्या रिकाम्या पिंपावर वाजवायचे ते बुवांनी कधीतरी ऐकलं होतं. त्यांनी मला बसवलं. पखवाजाला मुलगी, यावर गॅलरीत आठवडाभर चर्चा चालली. अवधूतदादा त्या दिवसापासून मला 'वैदू' सोडून 'वैदेहीताई' म्हणायला लागला. मी पंधरा वर्षांची, तो सव्वीसचा.

पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापतात, म्हणजे तो घुमतो. वाजवून झालं की ती खरवडून काढायची, मग हात चिकटच चिकट. पहिल्या दिवशी मी हात ड्रेसला पुसायला गेले तर बुवांनी खांद्यावरचा पंचा काढून माझ्या पुढ्यात टाकला.

"हात पूस गो चेडवा."

त्या पंच्याला मंडळात दुसरं कोणी हात लावत नाही. त्यानेच बुवा घाम पुसतात, त्यानेच पेटी पुसतात. त्या दिवसापासून मी रोज त्यालाच हात पुसले. माझा आवाज त्या पंच्यातून आला असं मी म्हटलं तर जोॲना हसते, पण तसंच आहे.

तर फणसवाडीतल्या एका हॉलमध्ये गिरगावच्या मंडळाबरोबर आमची बारी ठरली होती. माझी पहिली बारी. बाबा एका हॉस्पिटलात लिफ्ट चालवतात, त्यांनी वर-खाली जाणाऱ्या प्रत्येकाला तारीख सांगून ठेवली होती, स्ट्रेचरवरच्यांनासुद्धा. आयोजकांना प्रायोजक कोण मिळाला, तर 'दोन हात दूर'. जाहिरातीवर दोन्ही बुवांच्या फोटोंपेक्षा अंगठावाला फोन मोठा. खाली लिहिलेलं, फोन हिरवा असेल त्यालाच प्रवेश.

बारीच्या आदल्या आठवड्यातला मंगळवार. आमच्याकडे तालमीला बसताना एक नियम आहे. मागे एकदा ऐन गजरात कोणाच्या तरी खिशात कर्जवाल्या बाईंचा फोन आला होता, तेव्हापासून आत येणाऱ्याने फोन गणपतीच्या फोटोपुढच्या पितळी परातीत ठेवायचा आणि वरून फडकं टाकायचं. परात लग्नातली आहे, मोठी. त्या दिवशी तिच्यात एकोणीस फोन होते.

त्यातला एक अवधूतदादाचा. तो स्वतः आला नव्हता. सोमवारपासून त्याचे डोळे आले होते आणि तो शहाण्यासारखा घरात बसून होता. पण नवीन गजर चुकायला नको म्हणून त्याने रेकॉर्डिंग सुरू करून फोन कोरसमधल्या मित्राबरोबर पाठवला. बुवांनी मित्राला दारातच अडवलं आणि तो फोन रेकॉर्डिंगसकट परातीत. दोन तास एकोणीस फोन एकमेकांच्या अंगावर झोपले होते आणि आम्ही माणसं खोलीच्या दुसऱ्या टोकाला गात होतो.

बुधवारी सकाळी अवधूतदादा डॉक्टरांकडे गेला, डॉक्टरांनी त्याचा नंबर टाकला आणि शाळेची घंटा व्हायच्या आत मी लाल झाले. मंडळच्या मंडळ लाल झालं. ॲपवर आमच्या चाळीच्या जागी टोमॅटोएवढा लाल गोळा दिसायला लागला.

हिरव्या राहिल्या त्या मीराबाई. त्या आमच्या समोरच्या खोलीत राहतात. तालमीत त्यांनी प्रत्येकाच्या हातात चहा दिला होता, दोघांच्या पाठीत गुद्दे घातले होते आणि दोन्ही तास आमच्यात मांडी घालून बसल्या होत्या. त्यांचा फोन घरी चार्जिंगला होता. ॲपच्या हिशेबाने त्या तालमीला आल्याच नव्हत्या. बुवांचा तर प्रश्नच नव्हता. त्यांच्याकडे बटणांचा फोन आहे, त्यामुळे ॲपच्या हिशेबाने ते जन्मालाच आलेले नव्हते.

शाळेने मला घरी पाठवलं. मी ॲपमधल्या नंबरवर इतके फोन केले की गुरुवारी हितेंद्र सर स्वतः चाळीत आले. दाराबाहेर उभं राहूनच त्यांनी टॅबवर फॉर्म उघडला. संपर्क कुठे झाला याला चार पर्याय होते, घरी, कामावर, प्रवासात आणि इतर. मी म्हटलं, परातीत. त्यांनी 'इतर' दाबलं. मग ॲपने विचारलं की किती माणसं जवळ आली. मी सांगितलं, एकही नाही, फोन आले. त्यांनी शून्य टाकून बघितलं. ॲप शून्य घेईना. त्यांनी एक टाकलं, तर ॲपने त्या एकाचं नाव मागितलं.

मी त्यांना परात दाखवली. त्यांनी परातीचा फोटो काढला, आदराने. पण सिस्टीममध्ये परात नाही म्हणाले. आजार पकडताना सिस्टीम चुकू शकते, पण नोंद चुकू शकत नाही, असंही काहीतरी म्हणाले, ते मला अजून कळलेलं नाही.

"मग आम्ही हिरवे कधी होणार?" मी विचारलं.

"पाच दिवस तुमचा फोन दुसऱ्या कुठल्याही फोनजवळ गेला नाही, की आपोआप."

"फोन?"

"हो, फोन."

मी बुवांकडे बघितलं. बुवांनी पेटी बंद केली. गिरणीत बावीस वर्षं काढलेल्या माणसाला नियम कुठून वाकतो ते लगेच दिसतं.

संध्याकाळपर्यंत चाळीतले अठरा फोन विलगीकरणात गेले. माझा आईच्या तांदळाच्या डब्यात. एक पाण्याच्या टाकीवर, प्लास्टिकच्या पिशवीत. एक व्यायामशाळेत डंबेलच्या खणात, एक माळ्यावर मखराच्या थर्माकोलमागे, एक पोपटाच्या रिकाम्या पिंजऱ्यात, पिंजऱ्याला कडी लावून. कुठल्याही दोन फोनांत दोन हात अंतर आहे ना, हे मीराबाईंनी साडीच्या काठाने मोजलं. संध्याकाळी प्रत्येक जण आपापल्या फोनला बघायला जायचा, लांबून. कोरसमधल्या एकाने तर दारातून विचारलं, बरा आहेस ना रे.

आणि माणसं? माणसं मोकळी सुटली. फोन नाही, त्यामुळे घरी बसून करायचं काय? सगळे तालमीला. सकाळी तालीम, संध्याकाळी तालीम, गुडघ्याला गुडघा लावून, एकाच किटलीतला चहा. मला शाळा नव्हती. मी इतकी वाजवत होते की आईने कणीक माझी वेगळी मळायला घेतली. गजराची लग्गी, म्हणजे शेवटची ती धावती वाजवणी, बोटांत बसली. झोपेतसुद्धा उशीवर हात चालायचे.

रविवारी बुवा गॉगल लावून आले. नातवाचा होता, बाजूला चांदणी चिकटवलेली. "पेटीतली धूळ गेली गो डोळ्यात, दुसरा काय नाय," म्हणाले आणि पंच्याने डोळे टिपत राहिले. मी वाजवून झाल्यावर त्यालाच हात पुसले. आता लिहिताना मलाही दिसतंय. तेव्हा मला फक्त गजर दिसत होता.

मंगळवारी आम्ही हिरवे झालो. गोळा गेला. हितेंद्र सर बुधवारी फ्रेम केलेलं प्रमाणपत्र घेऊन आले, परिसरातली सर्वांत शिस्तप्रिय इमारत म्हणून. त्यांच्या साहेबांना आलेख दाखवून झाला होता, पाच दिवसांत आमच्या चाळीत एकही संपर्क नाही. सरांनी भाषण केलं. समोर मंडळ बसलं होतं, त्यात आता बुवांचा सोडून आणखी तीन गॉगल होते, कोरसमधले. सरांनी त्यांना बघितलं, मग टॅबकडे बघितलं. टॅबवर सगळे हिरवे होते, म्हणून ते पुढे बोलत राहिले. ते तिघं हिरवे होते कारण डॉक्टरांकडे गेलं की डॉक्टर नंबर टाकतात हे एव्हाना सगळ्यांना कळलं होतं. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे डोळ्यांचे थेंब संपले होते आणि दवाखान्यात डॉक्टर पेपर वाचत बसले होते.

शुक्रवारी अवधूतदादा जिन्यात भेटला. त्याचे डोळे केव्हाच स्वच्छ झाले होते, पण फोन पुढच्या बुधवारपर्यंत लाल. चौदा दिवस म्हणजे चौदा दिवस. मी विचारलं, रेकॉर्डिंगचं काय झालं? तो म्हणाला, दोन तास फक्त अठरा फोनांची घरघर.

"पण खालून तुझी लग्गी ऐकू येते, वैदेहीताई," तो म्हणाला. "डोळ्यांवर पट्टी ठेवून दिवसभर तेच ऐकलं. पाठ झालीय." मग कठड्यावर हात ठेवत, "चांगली वाजवतेस."

त्याने कठड्यावर वाजवून दाखवली. बरोबर होती. एका जागी माझ्यापेक्षा बरी होती, ते मी त्याला सांगितलं नाही.

शनिवारी सकाळी मला जाग आली आणि डोळे उघडेनात. पापण्या चिकटल्या होत्या, कणीक लावल्यासारख्या. आईने कोमट पाण्याने सोडवल्या. आरशात बघितलं तर दोन लालभडक डोळे आणि खाली उशीजवळ माझा फोन, हिरवागार, अंगठा वर.

मी तोंड धुवायला गॅलरीत आले तर समोर मीराबाई. त्यांनी एकदा बघितलं आणि नळ बंद करायला लावला.

"पंच्याने दिलं तुला," त्या म्हणाल्या.

मग एका दमात त्यांनी मला सगळं ऐकवलं. अवधूतचे डोळे आलेले, गेल्या शुक्रवारी संध्याकाळी बुवा त्याच्याकडे गेले, पाऊण तास बसले, त्याला पाणी यायला लागलं तर आपल्या पंच्याने त्याचे डोळे पुसले, तोच पंचा रविवारी बुवांच्या डोळ्यांना, बुवांचे गुरुवारी बरे झाले पण पंचा धुतला कोणी नाही, बुवांची सून माहेरी आहे, आणि तू रोज त्याला हात पुसून तेच हात डोळ्याला लावतेस, घाम पुसताना, मी बघते ना. कोरसचे तिघं? एकाने तुझ्याकडून पखवाज उचलायला घेतला तेव्हा पंचा त्याने धरला होता, मग बाकीचे दोघं त्याचे सख्खे भाऊ. मीराबाईंना हे पाठ होतं. कंपनीला टॉवरचे चार मजले लागले, यांना गॅलरीतलं एक स्टूल पुरलं.

मी आत आले. बाबांनी सकाळपासून पांढरा सदरा घातला होता, बारी संध्याकाळी सातला. माझे डोळे बघून ते खाली बसले. आई कपाटातून दर्शनाने वाढदिवसाला दिलेला माझा गॉगल काढून घेऊन आली. फोन हिरवा आहे, आई म्हणाली, दारावर फोनच बघणार. गॉगल लावून गेलीस तर उलट स्टाइल वाटेल. बाबांनी मान हलवली, पण हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते त्यांनाही ठरवता येत नव्हतं. आठ महिने वाजवतेस तू, ते म्हणाले, आणि हॉस्पिटलातले दोन वॉर्डबॉय आणि एक नर्स खास येणारेत.

मी गॉगल लावला. आरशात खरंच भारी दिसत होते. मग मी हॉल डोळ्यांसमोर आणला. पहिल्या रांगेत लहान पोरं असतात, गजर झाला की ती पखवाजाला हात लावायला धावत येतात. गिरगावचे पखवाजवाले बारी संपली की समोरच्याचा हात हातात घेतात, पद्धत आहे. मला ते आठ महिने स्वप्नात दिसत होतं. तो हात मला घ्यायचा होता. कोणाला कळलंसुद्धा नसतं. माझ्या फोनने माझ्यासाठी खोटं बोलून ठेवलंच होतं, मला फक्त त्याच्या मागोमाग आत जायचं होतं.

बाहेर जिन्यात कोणीतरी कठड्यावर लग्गी वाजवत होतं. तीच जागा. माझ्यापेक्षा बरी.

मी गॉगल काढला. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ते डोळे आल्यामुळे, असं मी आईला सांगितलं.

"आई, बाबा, माझं ठरलंय," मी म्हटलं. "मी आज जाणार नाही. पखवाजाला अवधूतदादाला बसवा. तो बरा आहे पण त्याचा फोन लाल आहे, म्हणून त्याच्या हातात माझा फोन द्या. दारावर कोणी विचारलं तर सांगा, ही वैदेही. हितेंद्र सरांनीच शिकवलंय, फोन म्हणजेच मी. बुवांचा पंचा आधी उकळत्या पाण्यात घाला आणि त्या तिघांना घरी बसवा, मी आत्ता डॉक्टरांकडे जाते, त्यांनाही घेऊन जाते, नंबर तेवढे बारी सुटल्यावर टाका म्हणते, मग लाल तर लाल. आणि बाबा, त्या नर्सबाईंना सांगा, पुढची बारी दिवाळीनंतर आहे. त्या बारीला मी स्वतः येणार आहे, फोन घरी ठेवून."